अडसूळची बदली

नियमांवाचून समाज टिकत नाही. जिथे नियम संपतो तिथे माणूस संपतो आणि जंगल सुरू होतं. लातूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या पहिल्या तासाला हे वाक्य मी दरवर्षी खडू हातात धरून, आवाज थोडा खाली आणून म्हणतो. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा माना हलवतात. आमच्या फुटबॉल लीगच्या नियमावलीत एक कलम आहे: 'मैदान सुस्थितीत ठेवण्याची संपूर्ण जबाबदारी यजमान संघाची राहील.' आमच्या लीगला मैदान नाही. चेंडू नाही. पाय असलेला एकही खेळाडू नाही. तरी त्या कलमाखाली एकदा मुखेडच्या संघाला ताकीद दिली गेली आहे.

परवा सकाळी दूध आणायला निघालो तर मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. हवेत भुसा. ऑटोवाले नाकातोंडाला रुमाल बांधून, डोळे किलकिले करून उभे. या दिवसांत लातुरात ज्याला शिंक येत नाही तो बाहेरगावचा समजावा. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. 'हंगाम चौथा. सुधारित नियमावली सोबत जोडली आहे. सर्व संघचालकांनी वाचून पोच द्यावी.' म्हणजे शहरात दोन हंगाम एकदमच सुरू झाले. एकातून निदान सोयाबीन तरी निघतं.

मी पोच दिली नाही. रस्त्याच्या कडेला थांबून, भुसा अंगावर घेत, मागचा हंगाम आठवत राहिलो. त्या आठवणीने मला अजून वैताग येतो, आणि वैताग नेमका कुणावर काढावा हे कळत नाही, याचा आणखी वैताग येतो.

खेळ साधा आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांचे बारा संघ. प्रत्येक संघचालकाने पंधरा खेळाडू मनाने निर्माण करायचे, त्यांना नावं ठेवायची आणि गुण द्यायचे: वेग, दम, पास, नेम, डोकं. एकूण गुण सगळ्या संघांना सारखेच. कुणाला किती वाटायचे ते आपलं आपण ठरवायचं. लातूरकर या गुणांना 'मार्क' म्हणतात, त्यांचा इलाज नाही. रविवारी दुपारपर्यंत संघ आणि डावपेच कळवले की संध्याकाळी सलीमचा प्रोग्राम सामना खेळतो आणि फोनवर ओळीमागून ओळ समालोचन येतं. सलीम नांदेडचा, नोकरीला हैदराबादेत. समालोचनाच्या ओळी त्यानेच लिहून ठेवल्या आहेत. 'चेंडू घेतला, पळाला, लई पळाला, अन् कुठं चालला रे बावा, गोल हिकडं हाय!' एवढं वाचलं की मला अजूनही हसू येतं. लीगमध्ये जे काही खरं आहे, ते त्या ओळींत आहे.

संघांबद्दल बोलायचं तर माझं मत असं की कुठलाही माणूस कल्पनेतसुद्धा आपल्या गावाबाहेर जाऊ शकत नाही. लातूरचा संघ फिजिक्सच्या एका क्लासवाल्या सरांचा आहे. त्यांच्या संघात अकराच्या अकरा आघाडीचे खेळाडू, प्रत्येकाला नेमबाजीत जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क. पास कोणी देत नाही, कारण पास देऊन आपला नंबर येत नाही. उदगीरचा संघ एका आडत दुकानदाराचा. तो सामन्यात चेंडू मिळवतो आणि धरून बसतो. भाव वाढायची वाट बघतो असं आम्ही म्हणतो. शेवटच्या पाच मिनिटांत एकदम बाजारात आणतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. देगलूरच्या संघातले अर्धे खेळाडू तेलुगू नावांचे आणि उरलेले कानडी नावांचे, आणि मराठीतलं समालोचन वाचून ते गोंधळत असावेत असा माझा संशय आहे. नांदेडचे तीन संघ एकमेकांना हरवण्यापलीकडे काही करत नाहीत.

माझा संघ नाही. मी 'तटस्थ निरीक्षक' आहे. हे पद मला कसं मिळालं ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या हंगामात नियम अकरा ओळींचे होते आणि सलीमने ते लिहिले होते. दुसऱ्या हंगामात अध्यक्ष झाले उदगीरचे बिराजदार अण्णा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात दोन पेनं, आणि 'सबब' हा शब्द बोलण्यात वापरू शकणारा माझ्या माहितीतला शेवटचा जिवंत माणूस. त्यांनी नियम हाती घेतले आणि महिन्याभरात अकरा ओळींची प्रकरणं झाली, प्रकरणांना परिशिष्टं झाली. मी ग्रुपवर लिहिलं की यातलं मराठी मला समजत नाही. दुसऱ्याच दिवशी मला समितीवर घेण्यात आलं. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. ज्याला समजत नाही त्याला बाहेर ठेवलं तर तो बोलत राहतो.

उद्घाटनाचं तर विचारू नका. गेल्या हंगामाचा पहिला सामना एका प्रतिष्ठित व्यक्तीच्या शुभहस्ते सुरू करायचा ठरलं. शुभहस्ते म्हणजे त्यांनी आपल्या बैठकीत बसून फोनवरचं एक बटण दाबायचं. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सगळं यथासांग झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं. काही दिसेना म्हणून परत दाबलं. सामना दोनदा खेळला गेला. एकदा नांदेडचा एक संघ जिंकला, एकदा तोच हरला. अण्णांनी दोन्ही निकाल नोंदवून घेतले, कारण दोन्ही शुभहस्ते झाले होते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण भोकरचा संघ माझ्या बहिणीचा होता.

नोंद तिच्या नवऱ्याच्या नावावर. बालाजीदाजी भोकर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक. भोकरला खोली करून राहतात आणि मोटरसायकलवर शाळेला जातात. सुनीता औशाकडच्या एका गावात शिक्षिका. आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते. लग्न झाल्यापासून दोघं दोन जिल्ह्यांत. दाजी महिन्यातून एखादा रविवार येतात. येण्यात शनिवारची संध्याकाळ जाते आणि जाण्यात रविवारची दुपार. पती-पत्नीला एका ठिकाणी आणायचा नियम सरकारदरबारी आहे, आणि तो चांगला नियम आहे. दाजी दरवर्षी त्याखाली अर्ज करतात. दरवर्षी त्यांना एकच वाक्य ऐकायला मिळतं: 'नियमात बसतंय, पण जागा रिक्त नाही.' या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांना पाठ झाला आहे, दुसरा अर्धा सहन होत नाही.

मी एकदा भोकरला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. एक खाट, एक गॅस, खुंटीवर तीन सदरे, आणि लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने काढलेला अख्खा संघ. गोलकीपर खाली हँडलपाशी, आघाडीचे वर. पोहे परतता परतता दाजी त्या दाराकडे बघत म्हणाले, "दादा, डाव्या बगलेला हा शिंदे लावलाय बगा, पर सुनीता ऐकून नाही राहिली. म्हणते, त्याला डोकं न्हाई. आता मलाच कोण डोकं हाय म्हणून घेतलंय?" पोहे जळत होते. बाहेर कुठेतरी कापसाची गाडी भरताना माणसं ओरडत होती. माणूस एकटा राहायला लागला की त्याच्या घरात एक तरी विचित्र वस्तू येते. दाजींच्या घरात पंधरा माणसं आली होती.

आणि रविवारची संध्याकाळ. आमच्या गॅलरीत सुनीता दाजींना फोन लावून, स्पीकर चालू करून तो कठड्यावर टेकवून बसायची, समोर निवडायला घेतलेली मेथी. सामना सुरू झाला की ओळी मोठ्याने वाचायची, वर्गात धडा वाचतात तशी, दीर्घ उच्चार दीर्घ करून. तिकडे भोकरात दाजींच्या फोनवर त्याच ओळी दिसत असायच्याच, तरी ती वाचायची आणि ते ऐकायचे. मग भांडण.

"आवं, मी म्हणलं होतं का न्हाई, त्याला पुढं पाठवू नका?"

"तो गेला आपला आपण. मी कशाला पाठवू?"

"आपला आपण कसा जाईल? कागदावरचा माणूस हाय तो!"

"मग कागदानंच ऐकलं न्हाई म्हण."

मी आत बसून उत्तरपत्रिका तपासायचो आणि ऐकायचो. सामन्याआधीच्या अन् नंतरच्या बोलण्यात फार काही नसायचं. जेवलात का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. पगार झाला का. व्हायचाय. पण त्या दीड तासात नवरा-बायको एका घरात राहत असल्यासारखी भांडायची. मला तेव्हा एवढंच कळलं की हा खेळ फालतू आहे, आणि तो बंद पडता कामा नये.

त्यांचा गोलकीपर दिगंबर अडसूळ. नाव सुनीताने ठेवलं. नावातच 'अड' आहे, चेंडू आपोआप अडेल, हा तिचा हिशेब. मार्कांच्या वाटणीत तिने बाकीच्यांच्या तोंडचं काढून त्याला दिलं होतं. दिवाळीच्या आसपास भोकर तिसऱ्या क्रमांकावर होतं आणि ते बहुतांशी त्याच्यामुळे.

हंगामाच्या मध्यावर अण्णांची सुधारित नियमावली अमलात आली. तिच्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. तटस्थ निरीक्षकाच्या तर नाहीच, कारण मी ती वाचली नव्हती. सलीमच्या मूळ नियमात सामना चालू असताना एकाला बाहेर बसवून दुसरा आत घेण्यासाठी 'खेळाडू बदलणे' असे दोन शब्द होते, आणि संघ सोडून जाण्यासाठी वेगळे. अण्णांना ते घरगुती वाटले. त्यांनी सगळीकडे 'बदली' घातलं. आणि बदली हा शब्द एकदा कागदावर उतरल्यावर त्यांचा हात थांबणं शक्य नव्हतं. उभ्या नोकरीत त्यांनी बदल्यांचे कागद हाताळलेले. त्यांनी 'बदल्या' हे एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. बदली झालेला खेळाडू रिक्त जागेवर तात्काळ रुजू होईल. बदलीनंतर तीन हंगाम मूळ ठिकाणी परत येता येणार नाही. सलीमला म्हणाले, अक्षरशः घाल. सलीमने अक्षरशः घातलं.

त्या रविवारी भोकर चार गोलांनी पुढे होतं. अडसूळचा दम उतरला होता, पुढचा सामना उदगीरशी होता, म्हणून सुनीताने शेवटच्या दहा मिनिटांसाठी त्याला बाहेर घेऊन राखीव गोलकीपर आत पाठवला. कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं ते. सामना जिंकला. मेथी निवडून झाली. सोमवारी सकाळी ती शाळेला निघाली होती, साडीच्या निऱ्या एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. ग्रुपवर संदेश आला: 'दिगंबर अडसूळ, भोकर, यांची बदली झाली असून ते नायगाव येथे रुजू झाले आहेत.'

नायगावचा गोलकीपर लाल कार्डामुळे बाहेर होता. तेवढी एकच जागा लीगभर रिक्त होती. त्या दिवशी बाकीच्या संघांनीही खेळाडू बदलले होते, पण त्यांच्यासाठी कुठे रिक्त जागा नव्हती, म्हणून ते आपापल्या गावी राहिले. दाजींना ही गोष्ट कळायला एक क्षणही लागला नाही. कळायला वेळ लागला तो आम्हाला.

ग्रुपवर जे झालं त्याला चर्चा म्हणायचं ठरलं आहे. नायगावचे संघचालक पांडुरंगशेट, बी-बियाणं आणि खतांचे दुकानदार, गावात कुणाच्याही लग्नाला सगळ्यात आधी पोहोचणारा माणूस. त्यांनी लगेच अडसूळच्या स्वागताचा फलक तयार करून टाकला. चेहरा कुणाचा लावायचा म्हणून त्यांनी स्वतःचाच लावला होता.

"शेट, आमचा माणूस परत द्या," सुनीताने लिहिलं.

"ताई, आता आमचा झाला. बिऱ्हाड केलंय त्यानं हितं."

"बिऱ्हाड? त्याला पाय तरी हायेत का?"

"न्हाई कसे? गोलकिक मारतो की!"

फिजिक्सच्या सरांनी लिहिलं की निरीक्षकांची सख्खी बहीण असल्याने निरीक्षकांनी या विषयात बोलू नये. मी बोललोच नव्हतो. आता बोलावंसं वाटायला लागलं. मी सलीमला फोन केला.

"सर, मैं क्या करूं," तो म्हणाला. "पहले बाहर बैठाना अलग था, दुसरे टीम में जाना अलग था. अण्णा दोनों को बदली बोल दिए. मशीन को क्या मालूम?"

"मग दुरुस्त कर की."

"अण्णाचा लेखी आदेश पाहिजे न सर. बिना आदेश के हात लगाया तो मेराच बदली कर देंगे."

मी शब्दकोशात जीव रमवणारा माणूस. काही दिवस तो शब्द घेऊन बसलो. एकाच्या जागी दुसरा येतो ती बदली. एक माणूस उचलून दुसरीकडे टाकतात तीही बदली. पहिलीत जागा महत्त्वाची असते, माणूस कोणीही चालतो. दुसरीतही जागाच महत्त्वाची असते. आमच्या भागात कुणी भेटला की पहिल्यांदा 'कसे आहात' विचारत नाहीत, 'सध्या कुठं आहात' विचारतात. आम्ही तीनचार पिढ्या अशाच घालवल्या आहेत: ट्रंका, गॅसच्या शेगड्या, शाळेचे दाखले, आणि दर खेपेला कुंडीतली एक तुळस टेम्पोत सगळ्यात शेवटी. अण्णांची चूक झाली असं म्हणणंही अवघड. बदली म्हटल्यावर मैदानाच्या कडेला बसलेला घामाघूम खेळाडू ज्याच्या डोळ्यांसमोर येईल, असा माणूस त्यांच्या पिढीत नव्हताच.

सुनीताने मात्र हे विचार केले नाहीत. तिने पुढच्या रविवारी संघ कळवलाच नाही. भोकर न खेळताच हरलं. गॅलरीत दिवा लागला नाही. ती आत येऊन माझ्या बायकोसोबत भाकरी थापायला बसली.

"सुनी, खेळच आहे," मी म्हणालो.

"हाव. खेळच हाय." तिने परातीतलं पीठ सारखं केलं. "दादा, एक बदली माझ्या हातात होती. तीबी अशी."

मग फोन आला. जेवलात का. जेवलो. गोळी घेतली का. घेतली. पगार. व्हायचाय. बरं ठेवते. पाच मिनिटं लागली नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी. मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि मला पहिल्यांदाच शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका नीट ऐकू आली.

म्हणून मी अपील दाखल केलं. समितीच्या भाषेत, समितीच्या कागदावर, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे. स्वतःच्या हाताने 'सबब' लिहिलं. सुनावणी ठरली, आणि अण्णा म्हणाले की सुनावणी फोनवर होत नसते. समक्ष झाली पाहिजे. उदगीर, नायगाव, भोकर आणि लातूर या सगळ्यांना सारखंच गैरसोयीचं पडेल असं ठिकाण म्हणून अहमदपूर निवडण्यात आलं.

बसस्थानकासमोरचं हॉटेल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भज्यांच्या तेलाचा वास, नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा. सलीम फोनवर होता. फोन पाण्याच्या जगाला टेकवून उभा केला होता. अण्णांनी लाल फीत सोडून फाईल उघडली. दाजी भोकरहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले होते. सुनीताने धपाटे आणले होते आणि सुनावणी सुरू व्हायच्या आधी त्यांच्यापुढे डबा सरकवला. ते खाली मान घालून खात होते. दोघं महिन्याभराने भेटत होती आणि समोर चार माणसं बसली होती, म्हणून ती डब्याविषयीच बोलली. तिखट झालंय का. न्हाई. दही आणायचं राहिलं. असू दे.

"अर्जदारानं म्हणणं मांडावं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी त्याला बाहेर बसवला. बदली न्हाई केली."

"नियमात शब्द काय हाय?"

"बदली."

"मग झाली की बदली."

"आमच्याकडं आल्यापासून गडी खूश हाय," पांडुरंगशेट भजं मोडत म्हणाले. "तब्येत सुधारलीय त्याची."

"दम उतनाच है सर," जगाला टेकलेल्या फोनमधून सलीम म्हणाला. "मैं देखा."

मी भाषण तयार करून आणलं होतं. नियमाचा हेतू आणि नियमाचे शब्द, यावर चांगलं दहा मिनिटांचं. घसा साफ केला. अण्णांनी हात वर केला. "निरीक्षक नात्यात आहेत. त्यांनी चहा घ्यावा." मी चहा घेतला.

अण्णा परिशिष्ट चाळत होते. ते एके ठिकाणी थांबले आणि बोट ठेवून वाचायला लागले, कोरड्या, एकसुरी आवाजात. तीन हंगाम परत येता येणार नाही. अपवाद एक, दुर्धर आजार. अपवाद दोन, पती-पत्नी एकत्रीकरण. दोघांच्या ठिकाणांतलं अंतर तीस किलोमीटरपेक्षा जास्त असल्यास.

दाजींचा घास हातात राहिला.

"अण्णा, हे कलम फुटबॉलात कशाला?" मी विचारलं.

"मूळ मसुद्यात असतंय," अण्णा म्हणाले. "बदल्यांच्या प्रकरणात हे असतंयच. न्हाई ठेवलं तर प्रकरण अपुरं दिसतंय."

मग सुनीता सरळ बसली.

"अडसूळचं लग्न झालेलं हाय," ती म्हणाली.

"आँ?" पांडुरंगशेट उडाले. "कवा? आमाला पत्रिका न्हाई!"

"झालंय. बायको भोकरला हाय."

"काय करते?" अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

"शिक्षिका हाय."

"नाव?"

सुनीताने दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "सुलभा."

"सुलभा दिगंबर अडसूळ," अण्णांनी लिहून घेतलं. एका कागदी माणसाला बायको मिळाली आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "भोकर ते नायगाव अंतर?"

"तीसच्या लई वर हाय," दाजी पटकन म्हणाले. "रस्त्यानं धरा का सरळ धरा, कसंबी धरलं तरी बसतंय."

पांडुरंगशेटनी भज्यांची प्लेट बाजूला सारली. त्यांनी एकदा दाजींकडे, एकदा सुनीताकडे पाहिलं. मला वाटलं आता आक्षेप घेणार. "बायको तिकडं आन गडी हिकडं," ते म्हणाले. "न्हाई, न्हाई. ते काय बरं न्हाई, अण्णा. घेऊन जाऊ द्या त्येला."

"तुमी द्या म्हणून न्हाई देणार," अण्णा चिडले. "अन् विशेष बाब म्हणूनबी न्हाई देणार. नियमात बसतंय म्हणून देणार." त्यांनी आदेशावर सही केली, खाली तारीख टाकली. "नियमात बसतंय."

दाजी थांबले. हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला.

"पण?" त्यांनी विचारलं.

"पण काय?"

"न्हाई... काय न्हाई. सवय लागलीय."

हॉटेलच्या बाहेर मग आम्ही उभे राहिलो. भोकरकडे जायला नांदेडची गाडी, लातूरची त्याच्या विरुद्ध फलाटावर. नांदेडची आधी लागली. सुनीताने धुतलेला डबा पिशवीत न टाकता दाजींच्या हातात दिला, राहू द्या म्हणाली, पुढच्या खेपेला आणा. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून संतापत राहिलो. माझं भाषण कुणी ऐकलं नाही म्हणून नव्हे. तेवढा अनुभव मला वर्गाचा आहे. ज्या कलमाने खऱ्या माणसाला वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं ठेवलं, त्याच कलमाने एका नसलेल्या माणसाला एका कप चहात घरी पोहोचवलं, आणि ते करणारा माणूस वेडा नव्हता. तो नियमाने वागत होता. त्याच्याकडे जागा रिक्त होती, एवढंच. सुनीता शेजारी झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती. मला तिच्यापाशी बोलण्यासारखं काही राज्यशास्त्र नव्हतं.

यंदाचा दाजींचा अर्ज विचाराधीन आहे. कुणाच्या विचाराधीन, हे कळायला मार्ग नाही. नव्या नियमावलीत अण्णांनी 'बदल्या' प्रकरणाला निवृत्तिवेतनाची पुरवणी जोडली आहे, असं ऐकतो. मी पोच देईन. द्यावीच लागते.

सुनावणीनंतरच्या रविवारी गॅलरीत दिवा लागला. मेथी होती. फोन कठड्यावर होता. 'अडसूळ भोकर येथे पुन्हा रुजू' ही ओळ सुनीताने वाचली, दोनदा वाचली, आणि तिकडून दाजींनी घसा खाकरलेला मला आतपर्यंत ऐकू आला. मग सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात आवाज चढले.

"आवं, झोपलाय का काय तो?"

"प्रवासानं दमला असंल."

"कसला प्रवास? कागदावरचा माणूस हाय तो!"

"अगं, नवीन लग्न झालंय..."

"तुम्ही गप बसा!"

माझी बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. कुणी उठलं नाही. सामना तळाच्या मुखेडशी होता. अडसूळने सहा गोल खाल्ले. सातवा ऑफसाइड होता.